सगळंच बिघडलं की तुम्ही पहिलं काय सोडता?

कोनावरचं सूत (सोमवार, रात्री १०.४२)

पोरं झोपली एकदाची. आमचे हे खाली माग पुसत बसलेत, का ते पुढं येईलच. मी जिन्यात बसून लिहितोय.

माहेर इचलकरंजी, सासर बेळगावात वडगाव. दोन्हीकडं मागांचा खडखडाट, त्यामुळं गोंगाटाचं मला काही वाटत नाही. पण आजचा दिवस म्हणजे मागावरचं अख्खं बीम (ताणा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ) तुटल्यासारखा गेला.

पहाटे पाचला नळाला पाणी आलं. संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, भरला, वरच्या टाकीत चढवायला मोटर लावली आणि लाईट गेली. मोटरचं बटण तसंच राहिलं. हे बटण लक्षात ठेवा.

थोरली पहिलीत आहे. रविवारी शाळेच्या ग्रुपवर बाईंनी हातानं लिहिलेल्या कन्नड चिठ्ठीचा फोटो टाकला होता. मला बोललेलं कन्नड थोडं कळतं, आणि बसच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं लावायला येतात. पहिलं अक्षर 'ना' दिसलं. 'नाळे' म्हणजे उद्या, एवढं सात वर्षांत शिकलोय. पुढं 'वेषभूषण स्पर्धे' लागलं. म्हटलं झालं, १५ ऑगस्टची वेशभूषा स्पर्धा उद्याच. रविवार सगळा पुठ्ठ्याची तलवार करण्यात गेला. पोरगी होणार कित्तूरची राणी चन्नम्मा, सासूबाईंचं इरकल नेसून.

सासूबाई नणंदेकडं खानापूरला गेल्यात. धाकटा तीन वर्षांचा. मी थोरलीला इरकल नेसवत होतो, तोवर त्यानं तलवार बादलीत बुडवली. का रे? तर म्हणे, "धुतली." तलवार केळीच्या पानासारखी लोंबायला लागली. इस्त्री करावी तर लाईट नाही. तव्यावर शेकली, तर चंदेरी कागद तव्याला चिकटला. चपात्या त्याच तव्यावर करायच्या होत्या.

स्कूटी चालू होईना. रिक्षा केली. दुसरं रेल्वे गेट पडलेलं. आधी मालगाडी, मग पॅसेंजर. दोन्ही गाड्यांचे डबे धाकट्यानं मोठ्यानं मोजले, पाचच्या पुढं परत एकपासून. तलवार रिक्षात राहिली ती राहिलीच.

मैदानात सगळी पोरं युनिफॉर्ममध्ये. मधोमध माझी राणी. तिच्यासोबत आणखी दोघंच नटलेली, एक सैनिक आणि एक भाजीवाली. आम्ही तिघी आया एकमेकींकडं बघायला लागलो. तिघीही मराठी. बाई हसू दाबत म्हणाल्या, "नाडिद्दु री, नाडिद्दु."

नाडिद्दु म्हणजे परवा. रविवारचा परवा म्हणजे मंगळवार. म्हणजे उद्या.

मग युनिफॉर्म आणायला घरी, बसनं. बसमध्ये धाकट्यानं नाकात शेंगदाणा घातला. डॉक्टर. शेंगदाणा निघाला, पैसेही निघाले. युनिफॉर्म शाळेत पोचवला तर जेवायची सुट्टी झालेली. ऑफिसात अर्धा दिवस रजा सांगितली होती, ती पूर्ण लागली.

तीनला घरी आलो तर जिन्यावरनं पाणी. लाईट मधेच कधीतरी आली असणार. बटण चालूच. वरची टाकी भरून पाणी जिन्यातनं खाली मागावर, बीमवरचा ताणा भिजला. संपातलं पाणी संपलं, मोटर कोरडी फिरून जळली. आणि हे सगळं श्रावण सोमवारच्या उपवासात. भिजवलेला साबुदाणा सकाळपासून पातेल्यात फुगून बसला होता, माझ्याकडं बघत.

प्रश्न असा. असा दिवस आला की सगळंच ओढून नेता येत नाही, काहीतरी हातातनं सोडावं लागतं. तुम्ही पहिलं काय सोडता? मी काय सोडलं ते मागनं सांगतो.

चिकोडीचा चिकू (रात्री १०.५१)

ग्रुप. पहिला शाळेचा ग्रुप सोडतो.

पुणेरी पेंड (रात्री १०.५८)

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, सॉरी. पण एक शंका. 'मी आलो', 'मी नेसवत होतो' आणि मधेच 'आमचे हे', 'आम्ही तिघी आया'. मी दोनदा वर जाऊन वाचलं. तुम्ही बाबा आहात की आई?

अनगोळची अक्का (रात्री ११.०४)

@पुणेरी पेंड, आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात की हो. कोल्हापूरपासनं बेळगावापर्यंत असंच. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा मुंबईचे पाहुणे आलेले. मी आतनं ओरडलो, "आलो आलो, चहा घेऊन आलो!" तर त्यांनी विचारलं, आत मुलीचा भाऊ आहे काय?

पुणेरी पेंड (रात्री ११.०६)

मग पाहुण्यांनी पसंत केलं का?

अनगोळची अक्का (रात्री ११.०७)

चहा पसंत पडला. नवरा अनगोळचाच मिळाला.

नाकासमोर (रात्री ११.२०)

शेंगदाण्यावर थांबतो, कारण इथं लहान पोरांचे आईबाप वाचत असतील. सरकारी दवाखान्यात २० वर्षं काढली आहेत, पोरांच्या नाकातनं मणी, चिंचोके, खोडरबर, ज्वारीचे दाणे आणि एकदा गणपतीच्या मखराचं चमकीचं फूल काढलंय.

चिमटा, हेअरपिन, काडी घालू नका. वस्तू मागं सरकते, आणि पोर रडून जोरात श्वास ओढतं तेव्हा आणखी मागं जाते. शेंगदाणा, हरभरा तर ओलाव्यानं फुगतो, म्हणून उद्यावर ढकलू नका. दवाखान्यात आम्ही बऱ्याचदा आईलाच कामाला लावतो. पोराला मांडीवर घ्यायचं, मोकळी नाकपुडी बोटानं दाबून बंद करायची, पोराच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावून एकच झटक्यात फुंकर. दहापैकी साधारण सहा वेळा वस्तू बाहेर येते, बहुतेक आईच्या गालावर. पोराला सांगायचं, आई मोठ्ठी पापी देणार आहे. आधी कुणाकडनं तरी प्रत्यक्ष बघून घ्या, आणि पोराला धाप लागली असेल, खोकला थांबत नसेल तर यातलं काही करत न बसता थेट दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र वेगळी. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा गोल सेल नाकात गेला असेल, किंवा लोहचुंबक गेलं असेल, तर एक मिनिट घालवू नका. सेल आतली कातडी जाळतो, काही तासांत.

बाकी धाग्याचा प्रश्न: मी असल्या दिवशी दाढी सोडतो.

कोनावरचं सूत (रात्री ११.२६)

@नाकासमोर, डॉक्टरांनी अगदी हेच करायला लावलं! शेंगदाणा माझ्या चष्म्यावर आला. धाकटा म्हणाला, परत.

वेळापत्रक (रात्री ११.४०)

वाईट वाटून घेऊ नका, पण हा सगळा नियोजनाचा अभाव आहे. युनिफॉर्म आदल्या रात्री दप्तरासोबत ठेवायचा, मोटरला आपोआप बंद होणारं यंत्र बसवायचं, ते फार महाग नसतं. स्कूटी आठवड्यातून एकदा किक मारून बघायची. सकाळी अर्धा तास आधी उठलं की दिवस हातात राहतो. गेटची वेळही ठरलेली असते, गाड्यांचं वेळापत्रक असतंच की.

चिकोडीचा चिकू (रात्री ११.४३)

मालगाडीचं वेळापत्रक तुमच्याकडं आहे? मलापण पाठवा.

अनगोळची अक्का (रात्री ११.४४)

@वेळापत्रक, पोरं किती तुम्हाला?

वेळापत्रक (रात्री ११.५२)

एक मुलगा. हॉस्टेलला असतो.

अनगोळची अक्का (रात्री ११.५३)

वगी बसा.

तंबाखूच्या गावचा (मंगळवार, सकाळी ६.३५)

निपाणीहून राम राम. आमच्याकडं हा घोळ दर वर्षाला एकदा ठरलेला असतो. बायकोचं माहेर कागल, इथनं जेमतेम अर्धा तास, पण मधे राज्याची हद्द. तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीची, आमच्या पोरांना दसऱ्याची. एका वर्षी मेहुण्यानं मोठ्या हौसेनं सगळ्यांचं कोकणचं ठरवलं. दिवाळीत. मी गाडी सांगितली, पैसे दिले, निघायच्या आदल्या दिवशी पोरगा म्हणतो, अप्पा, माझी शाळा आहे की, चाचणी पण आहे. शेवटी तवेरात मेहुण्याची पोरं बसली, माझी पोरं फाटकात उभी राहून टाटा करत होती. पोरीनं तीन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. मी त्या दिवशी मेहुण्याचा फोन उचलायचं सोडलं.

सीमावासी ५६ (सकाळी ७.१०)

मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. ज्या शाळेत निम्मे पालक मराठी, तिथं सूचना फक्त कन्नडमध्ये का? खाली दोन ओळी मराठीत लिहायला किती शाई लागते? तीन पोरं चुकीच्या दिवशी नटून आली, तिन्ही मराठी घरातली. हा योगायोग नव्हे.

मलप्रभेकाठचा (सकाळी ७.३८)

माझी घरची भाषा कन्नड, शिकलो बेळगावात, मराठी इथंच गल्लीत खेळता खेळता आली. दोन ओळी मराठीत असाव्यात, हे बरोबर. पण ताईंना सात वर्षं झाली म्हणतात. भिंतीला भिंत लागून कन्नड घर असेलच वडगावात. चिठ्ठी एकदा दाखवायची होती.

सीमावासी ५६ (सकाळी ७.४५)

म्हणजे चूक पालकांचीच? १९५६ पासून हेच ऐकतोय.

मलप्रभेकाठचा (सकाळी ७.४९)

चूक म्हणालो नाही. दाखवायची होती म्हणालो.

सीमावासी ५६ (सकाळी ७.५५)

तुमच्या घराशेजारी शाळेची सूचना मराठीत आली असती तर

व्यवस्थापक (सकाळी ८.०२)

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, त्याची १४० पानं झाली आहेत. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेलं प्रकरण नाष्ट्याच्या आधी इथं मिटणार नाही. पुढचे प्रतिसाद तिकडं हलवतो. इथं तलवार, मोटर आणि शेंगदाणा एवढंच.

चिकोडीचा चिकू (सकाळी ८.०५)

शेंगदाणा कुठल्या राज्याचा होता, एवढं तरी ठरवू द्या.

खानापूरकर मास्तर (सकाळी ९.३०)

धागा रात्रीच वाचला, पण आम्हाला सावकाश लिहायची सवय. ३४ वर्षं खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवलं.

आधी शब्दांचं. निन्ने म्हणजे काल, मोन्ने म्हणजे गेलेला परवा, नाळे म्हणजे उद्या, नाडिद्दु म्हणजे येणारा परवा. आपल्या मराठीत मागचा परवा आणि पुढचा परवा एकच शब्द. कन्नडमध्ये दोन वेगळे. म्हणजे खरं तर गोंधळ आपल्याकडं जास्त व्हायला पाहिजे. 'परवा भेटू' म्हणणारा आणि 'परवा भेटलो' म्हणणारा यांच्यात आपण क्रियापदावरून फरक करतो, पहिल्या अक्षरावरून नव्हे. सूतताई, पुढच्या वेळी शब्द शेवटापर्यंत वाचा. आणि भानुवार म्हणजे रविवार. आमच्या एका नव्या सहकाऱ्याला वाटलं होतं, भानू नावाच्या साहेबाचा वार.

लेकीची काळजी करू नका. २०१५ चा कायदा आहे, शाळांत कन्नड शिकवावंच लागतं. ती दिवाळीपर्यंत तुम्हाला चिठ्ठ्या वाचून दाखवेल.

आता माझा दिवस. १९८९ चा जुलै. शाळा जांबोटीच्या पलीकडं, दोन खोल्यांची. तिकडचा पाऊस ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते म्हणतात, आम्हाला वाटायचं आमच्या छपरातनंच उगम पावते. बायको बाळंतपणासाठी बेळगावात दवाखान्यात, सोबत माझी आई. मुलगा चार वर्षांचा, त्याला कुठं ठेवणार? खांद्यावर घेऊन शाळेत नेला. दुपारी बेत असा की शाळा लवकर सोडायची, तीनची बस धरायची, सहाला दवाखान्यात.

अकराला पोरं सोडली, कारण ओढा चढायला लागला होता. शेवटचं पोर घरी पोचवून मी ओढ्याशी आलो तर साकव दिसेना. पाण्याखाली होता की वाहून गेला होता, तेही कळेना. शाळेत परत. छत्री उलटी झालेली ती टाकून दिली. काड्यापेटी भिजलेली. मुलाचे कपडे ओले, म्हणून त्याला नकाशात गुंडाळला, कापडी नकाशा होता, भारताचा. डब्यात दोन भाकऱ्या, खिशात मूठभर चुरमुरे. तो म्हणाला, बाबा, आज इथंच वस्ती? मी म्हटलं, हो, आज वस्ती.

त्या रात्री मी दर दहा मिनिटांनी टॉर्च लावून घड्याळ बघत होतो. बस गेली असेल. आता सहा वाजले असतील. आता आठ. टॉर्चचा सेल उतरला तेव्हा बघणं थांबलं, आणि मग झोप लागली.

सकाळी ओढा उतरला. पलीकडच्या काठावर दूधवाला उभा. त्यानं ओरडून सांगितलं, "मास्तर, पोरगी झाली! काल सांजच्याला!" निरोप बेळगावहून बस ड्रायव्हर, हॉटेलवाला आणि दूधवाला असा तीन तोंडांतनं आला होता. मध्ये कुठंतरी बाळाचं वजन पाच किलो झालं होतं.

तेव्हा काय सोडलं विचाराल, तर घड्याळ. पण ते मी सोडलं नाही, सेलनं सोडलं.

पुणेरी पेंड (सकाळी ९.५१)

मास्तर, नकाशाचं पुढे काय झालं?

खानापूरकर मास्तर (सकाळी १०.१५)

बंगालच्या उपसागरावर डाग पडला होता. तपासणीला साहेब आले, त्यांना वाटलं बेटं आहेत.

नाकासमोर (सकाळी १०.२०)

आजचा दिवस वसूल.

चिकोडीचा चिकू (दुपारी १.०५)

मास्तरांनंतर लिहायला लाज वाटते, तरी सांगतो. जून, पहिला पाऊस, शाळा सुटायची वेळ. बायको संकेश्वरला गेलेली, पोराला आणायची जबाबदारी पहिल्यांदा माझ्यावर. फाटकात सत्तर-ऐंशी पोरं, सगळी एकाच दुकानातल्या पिवळ्या रेनकोटात, टोपी नाकापर्यंत. मी हाक मारली, एक पिवळं पळत आलं, गाडीवर मागं बसलं. मी पूर्ण वाटेत त्याला रागावत गेलो. गृहपाठ का करत नाहीस, डबा का परत आणतोस. आतनं 'हूं, हूं'. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आवाज आला, "काका, आमचं घर मागं राहिलं."

उलटा फिरलो. फाटकात माझं पोर शिपायासोबत चहा पीत बसलेलं. आणि त्या दुसऱ्या पोराची आई शेजारीच राहते आमच्या आत्याच्या. ती म्हणाली, तुम्ही रागावल्यापासनं डबा संपवतोय हो.

तंबाखूच्या गावचा (दुपारी १.२०)

मग महिन्यातनं एकदा पोरं बदलून न्या. दोघांचाही फायदा.

मलप्रभेकाठचा (दुपारी २.४०)

सकाळी माझा सूर जरा चढा लागला, ताईंनी मनाला लावून घेऊ नये. अवांतर: बसनं गेलात म्हणालात, इथं तर बायकांना तिकीट नाही, मग शेंगदाणा तरी फुकटात प्रवास करून आला!

कोनावरचं सूत (संध्याकाळी ६.५०)

आलो. दिवसभर मोटरवाल्याची वाट बघण्यात गेला, तो उद्या येतो म्हणाला. 'नाळे' म्हणाला, मी दोनदा खात्री करून घेतली.

@मलप्रभेकाठचा, लावून घेतलं नाही. आणि तेही दुखणं सांगतो. ती फुकट प्रवासाची शक्ती योजना जून २०२३ ला सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आल्या. माझ्या आधारवर अजून इचलकरंजीचाच पत्ता. ती सवलत कर्नाटकात राहणाऱ्यांना, कंडक्टरनं कागदावर जे आहे तेच बघायचं. त्यामुळं सात वर्षं बेळगावचं पाणी पिऊन, म्हणजे पाणी येईल त्या दिवशी, मी तिकीट काढून बसतो. पत्ता बदलायला रजा पाहिजे, आणि रजा कालच्यासारख्या दिवसात जातात.

आणि हो, शेजारी कन्नड घर आहे. तुमचा अंदाज खरा. आमची भिंत एक, त्यांचापण माग. शेजारच्या अक्का रोज माझ्याशी बोलतात, त्या कन्नडमध्ये, मी मराठीत, मधे कुणाचं काही अडत नाही. चिठ्ठी त्यांना दाखवायची मला सुचलं नाही, कारण वाटलं मला वाचायला येतंय. अजिबात येत नसतं तर विचारलं असतं.

आता काल काय सोडलं ते.

तीनला मी जिन्यात पाणी उपसत होतो. धाकटा त्या पाण्यात कागदाची होडी सोडत होता, थोरली इरकल खांद्यावर टाकून पायरीवर बसलेली. अक्का आल्या. त्यांनी आधी बटण बंद केलं, मला ते सुचलंच नव्हतं. मग घरात जाऊन ताट आणलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, वांग्याची भाजी. मी म्हटलं, अक्का, उपवास आहे, सोमवार. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाल्या, "इरली बिडि."

'इरली बिडि' म्हणजे राहू द्या हो, सोडा. बिडि म्हणजे सोडा.

मी खाल्लं. ओल्या पायरीवर बसून दोन कडक भाकऱ्या, वाजवत. लग्नाआधीपासनंचे श्रावण सोमवार, एकही चुकला नव्हता. तर पहिलं मी उपवास सोडला. तोही दुपारी साडेतीनला.

तंबाखूच्या गावचा (संध्याकाळी ६.५८)

आमच्या निपाणीत 'बिडी' ऐकलं की बाया सुपडं मांडीवर घेऊन वळायला बसतात. सोडायचं कुणी सांगत नाही.

अनगोळची अक्का (संध्याकाळी ७.०२)

वांग्याची भाजी म्हणताच तोंडाला पाणी आलं. साबुदाण्याचं काय केलात?

कोनावरचं सूत (संध्याकाळी ७.०४)

रात्री वडे. आमच्या ह्यांनी माग पुसता पुसता खाल्ले. ताणा वाळतोय, थोडा भाग कापून टाकावा लागणार. पण तिकडं बघायचं उद्यावर.

वेळापत्रक (संध्याकाळी ७.१५)

आजच्या स्पर्धेचं काय झालं? ते कुणी विचारलंच नाही.

कोनावरचं सूत (संध्याकाळी ७.३३)

विचारलंत त्याबद्दल धन्यवाद, खरंच.

पोरगी सकाळी म्हणाली, राणी कशाला? राणी काल झालो की मी. (हो, तीपण 'झालो' म्हणते.) रडून ओरडून उपयोग नाही. तिचं आधीच ठरलं होतं. काल तिघं नटलेली पोरं शाळेच्या व्हरांड्यात युनिफॉर्मची वाट बघत बसलेली ना, तेव्हा त्यांनी आपसात वाटून घेतलं. आमची राणी होणार भाजीवाली, भाजीवाली होणार सैनिक, आणि सैनिक पोरगा म्हणाला, मी कोण होणार? तर त्याला सांगितलं, तू गिऱ्हाईक.

सकाळी साडेसातला तीन घरांत फोन. तिकडनं टोपली आली, इकडनं इरकल तेच, नुसता पदर खोचला. अक्कांनी परसातला पोकळा, लाल भाजी आणि दोन ढबू मिरच्या दिल्या आणि तिला ओरडायला शिकवलं, "बर्री अक्का, बर्री! ताजा ऐती!" ती घरात ओरडायला लागली तर खरोखर समोरच्या काकू पिशवी घेऊन दारात आल्या.

स्पर्धेत नंबर नाही आला. स्पर्धा एकट्या-एकट्याची होती आणि ही तिघं एकदम स्टेजवर गेली. बाईंनी तरी भाजी विकत घेतली म्हणे. पाच रुपये आणलेत, दाखवत हिंडतेय.

पुणेरी पेंड (संध्याकाळी ७.४०)

आणि सैनिकाची तलवार?

कोनावरचं सूत (संध्याकाळी ७.४१)

बंदूक होती. तलवार अजून रिक्षात बेळगाव फिरतेय. गोवावेसला कुणाला रिक्षात वाकडी चंदेरी तलवार दिसली तर आमची.

खानापूरकर मास्तर (रात्री ८.२०)

गिऱ्हाईक झालेल्या पोराला माझ्याकडून पहिला नंबर. सगळ्यात अवघड भूमिका ती. काही करायचं नसतं आणि उभं राहायचं असतं.

कोनावरचं सूत (रात्री ९.१२)

लोकहो, मदत. ग्रुपवर आत्ता परत चिठ्ठीचा फोटो आलाय. या वेळी शब्द शेवटापर्यंत वाचले, मास्तरांची शपथ. लिहिलंय, 'मुंदिन वार बुधवार, पालकर सभे'. बुधवार कळलं, म्हणजे उद्या. पालकर सभे म्हणजे पालक सभा. पण 'मुंदिन वार' हा कुठला वार? अक्कांच्या घरातला दिवा बंद झालाय.

मलप्रभेकाठचा (रात्री ९.१५)

कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. मुंदिन वार, पुढचा आठवडा. पुढच्या आठवड्यातला बुधवार. उद्या जाऊ नका.

कोनावरचं सूत (रात्री ९.१६)

उद्याची रजा कळवून टाकली की हो मी, आत्ताच.

अनगोळची अक्का (रात्री ९.१८)

इरली बिडि. मोटरवाला येणार आहे ना.